मदत हवी आहे: ब्रेक पाइप गंजले, शोरूम ३४ हजार म्हणतं, गावचा गॅरेजवाला साडेपाच

मांगरवाला

मंडळी, गाडीच्या बाबतीत मी ढ आहे. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

गाडी बाबांची. २०१३ ची डिझेल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की पहिल्या पाच प्रतिसादांत धागा त्या कंपनीच्या भांडणात वाहून जातो. बाबा मालवणजवळ राहतात, समुद्र घरापासून चालत सात मिनिटांवर. मी ठाण्यात.

गणपतीला गावी गेलो होतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बाजारातून परतताना ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल जातंय असं वाटलं. हँडब्रेक सोडलेला असूनही त्याचा लाल दिवा वळणावर पेटायचा आणि सरळ रस्त्याला विझायचा. म्हटलं, वायर लूज असेल. तसाच अकरा किलोमीटर आलो. घरी बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइल 'मिन'च्या खुणेच्या खाली, आणि अंगणातल्या चिऱ्यावर, मागच्या उजव्या चाकाच्या थोडं अलीकडे, रुपयाएवढा ओला डाग.

गावच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याला आम्ही सगळे भाऊ म्हणतो. त्याने जॅक लावला, खाली ठोकळे दिले, स्वतः आत सरकला आणि मलाही ओढलं. मोबाइलच्या उजेडात दाखवलं: दोन बारीक पाइप गाडीच्या पोटाखालून मागे जातात, मध्ये मध्ये प्लास्टिकच्या क्लिपा. मोकळ्या जागी पाइप बऱ्यापैकी हिरवट-काळी, ठीक दिसणारी. पण क्लिपेत लाल माती गच्च बसलेली आणि तिच्या आत पाइप फुगून जाड झालेली. भाऊने नख लावलं तर खापरीच्या पापुद्र्यासारखी ढलपी निघाली आणि बोट ओलं झालं. मला तर पोटात गोळाच आला.

भाऊ म्हणाला, "गंजलेला कापून टाकतंय, तांब्याची नळी घालतंय. धा वर्सां बघूक नको." खर्च ५,५०० रुपये.

बाबा तयार होते. मी म्हटलं, ब्रेकचं काम आहे, शोरूमला विचारू. गाडी टो करून नेली. एस्टिमेट आलं ते असं:

पाइप ६ नग ११,४००
मागचे रबरी होज २ नग २,२४०
ब्रेक ऑइल व ब्लीडिंग (पाइपमधली हवा काढणे) २,१००
लेबर (टाकी उतरवण्यासह) १३,५००
अंडरबॉडी कोटिंग ४,८५०
एकूण ३४,०९०, टॅक्स धरून.

गाडी विकायला काढली तर दीड-पावणेदोन लाख येतील. बाबांचं म्हणणं, "३४ हजारांत पोराने बारावी काढली होती." मुलगा म्हणजे मीच.

प्रश्न: एवढा फरक कशाचा? सहाही पाइप खरंच बदलाव्या लागतात का? आणि तांब्याची नळी चालते का?

पाना_१०_११

बाकीचं नंतर. अकरा किलोमीटर तसेच आलात ते वाचून घाम फुटला. पुढच्या वेळी दिवा असा पेट-विझ करायला लागला की आधी ऑइल बघा. डबीतली पातळी कमी झाली की वळणावर ऑइल एका बाजूला जातं आणि आतला तरंगता स्विच खाली बसतो, म्हणून दिवा लागतो. वायरबियर काही नाही.

तुम्ही वाचलात त्याला कारण आहे. अशा गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइनी असतात, बहुतेक तिरक्या: पुढचं डावं-मागचं उजवं एक, दुसरी जोडी दुसरी. एक फुटली तरी दुसरी धरते. पण घाटात अर्ध्या ब्रेकवर उतरायचा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

हिशेबनीस

एस्टिमेटमधलं कोटिंग आधी काढायला सांगा, ते दुरुस्तीत येतच नाही. झाले ४,८५० कमी.

चिंचवडकर

ब्रेकच्या सुट्या भागांच्या कामात बरीच वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शोरूम की गॅरेज हे बाजूला ठेवा. आधी नळी कोणती आणि जोड कसला ते विचारा.

तुमच्या गाडीत आहे ती बंडी पाइप. गॅरेजात हाच शब्द चालतो. पोलादाची पातळ पट्टी दोन वेढे गुंडाळून तांब्याने ब्रेझ केलेली (झाळून जोडलेली), वर गंजरोधक लेप. बाहेरचा व्यास ४.७६ मिलिमीटर, म्हणजे तीन सोळांश इंच. भिंत जेमतेम ०.७ मिलिमीटरची. टायरमध्ये आपण ३०-३२ पीएसआय हवा भरतो. जोरात ब्रेक मारला की या नळीत हजार-दीड हजार पीएसआय सहज होतं. गंजाने अर्धी भिंत खाल्ली तर उरतं काय, बघा.

आता तांबं. फ्रिज-एसीवाल्यांकडची मऊ तांब्याची नळी गंजत नाही हे खरं. वाकवायला सोपी, तोंड फुगवायला सोपं, म्हणून मेकॅनिकला आवडते. पण शुद्ध तांबं सततच्या थरथराटाने कडक होत जातं आणि मग जोडापाशी चिरतं. भाऊ खोटं बोलत नाही, गंजाच्या बाबतीत त्याचं बरोबर आहे. ती फुटते दुसऱ्याच कारणाने. तांबं-निकेलची मिश्र नळी वेगळी: ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल, थोडं लोखंड आणि मँगेनीज. व्होल्वोने १९७० च्या दशकातच ती घ्यायला सुरुवात केली. ती मिळाली तर डोळे मिटून घाला. रंगाने फसू नका, दोन्ही तांबूसच दिसतात.

जोडाचं. कापून मध्ये तुकडा घालायचा तर दोन्ही टोकांना डबल फ्लेअर हवा, म्हणजे तोंड दुहेरी दुमडून फुगवलेलं, आणि ब्रेकचाच युनियन (दोन नळ्या जोडणारा तुकडा). रिंग दाबून बसवायचे जोड पाण्याच्या नळाला ठीक. ब्रेकला कोणी लावत असेल तर चहा न पिता निघून या. शिवाय काही गाड्यांत डबल फ्लेअरऐवजी बबल फ्लेअर असतो, म्हणजे तोंड न दुमडता नुसतं फुगवलेलं. एकाच्या जागी दुसरा घातला तर तो आवळताना बसल्यासारखा वाटतो आणि नंतर गळतो.

टाकीचं लेबर का लावलंय ते पण सांगतो. पाइप कंपनीकडून वाकवून येते, ती अखंड बसवायची तर टाकीच्या वरून न्यावी लागते. शोरूम तुकडा जोडत नाही, अख्खी बदलतं. म्हणून १३,५००. ही लूट नाही, त्यांची पद्धत महाग आहे. पण पुढच्या चार छोट्या पाइप चाकाच्या कमानीत असतात, त्या एकेक बघून ठरवा. सरसकट सहा बदलणं मला पटत नाही.

एक धोका दोन्हीकडे: मागचे ब्लीडर निपल, म्हणजे चाकापाशी हवा काढायचे छोटे स्क्रू. खाऱ्या हवेत ते जाम होतात, पाना लावला की तुटतात आणि मग व्हील सिलिंडर (ते ज्यात बसतात तो चाकातला ब्रेकचा भाग) नवा. दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचा स्प्रे मारायला सांगा. फ्लेअर नटला (पाइपच्या टोकाच्या नटला) साधा पाना लावू देऊ नका, त्याचे कोपरे गोल होतात. चिरा असलेला फ्लेअर पाना मिळतो.

थंडगार_लीड्स

इथे इंग्लंडात हा रोजचा विषय. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तुमच्याकडे समुद्र टाकतो, एवढाच फरक. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी, तिच्यात ब्रेक पाइपचा गंज बघतातच. माझ्या गाडीची पाइप गल्लीतल्या गॅरेजवाल्याने तांबं-निकेलच्या वेटोळ्यातून मापाने कापून, जागेवर वाकवून दिली. डीलरच्या निम्म्याहून कमी पैसे. पण त्याने फ्लेअर करायचं हत्यार आधी दाखवलं होतं. ते दाखवायला कां-कूं करणारा गॅरेजवाला मी सोडला असता.

हिशेबनीस

अजून एक. पार्ट शोरूमच्या काउंटरवरून तुम्हीच विकत घ्या आणि काम बाहेर करा. सुटे भाग फक्त स्वतःच्या डीलरमार्फत अडवून ठेवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना २,५०० कोटींच्या वर दंड ठोकला होता, आणि स्वतंत्र गॅरेजना पार्ट मिळाले पाहिजेत असं बजावलं होतं. काउंटरवाला तोंड वाकडं करेल, पण देईल. तुमची वॉरंटी तर कधीच संपलीय, तेव्हा ती जाण्याची भीती नाही.

मांगरवाला

सगळ्यांचे आभार. चिंचवडकर, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हे भाऊला तू सांगणार की मी?" खरी अडचण ती आहे. भाऊ वीस वर्षं आमच्याकडच्या गाड्या बघतो. बाबांना रात्री दोनला छातीत दुखायला लागलं तेव्हा दवाखान्यात त्याच्याच रिक्षाने नेलं होतं. त्याला काय सांगू, तुझं तांबं नको?

आणि गंज कशाने, तर एक शोध लागला. बाबा पहाटे बंदरावर जातात, मासळी थर्माकोलच्या खोक्यात बर्फात घालून डिकीत ठेवतात. खोक्याला तळाशी चीर. डिकीच्या गालिच्याखाली पांढरी खार साचलेली, आणि पाणी निघायचं भोक नेमकं उजव्या पाइपच्या वर! भरीला उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि त्याच पाण्याने दर रविवारी गाडी धुतात. बाबा म्हणतात, "म्हणजे गाडी स्वच्छ ठेवली ही माझी चूक?"

पाना_१०_११

भाऊला 'नको' म्हणू नका. पाइप हातात द्या आणि म्हणा, "पार्ट आणलाय, बसवायचा तुम्हीच." माणूस खूश, काम त्याचंच.

मांगरवाला

अपडेट. काम झालं, हिशेब देतो, कोणाला उपयोगी पडेल.

शोरूमच्या काउंटरवरून मागच्या दोन्ही लांब पाइप घेतल्या, प्रत्येकी २,१५०. तीन दिवस लागले. पाइप मिळाल्यावर कळलं की ती माझ्यापेक्षा उंच आहे. वाकवायची नाही, आणि रिक्षात मावत नाही. शेवटी एसटीत दोन सीटांच्या मधून आडवी घातली, कंडक्टर म्हणाला, "भात्याची नळी काय?" मी हो म्हटलं.

पाना_१०_११, तुमची युक्ती जशीच्या तशी चालली. भाऊने पाइप उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "बरी हा." टाकी पूर्ण उतरवली नाही. पट्टे ढिले करून खाली लाकडाचा ओंडका दिला, चार बोटं खाली घेतली आणि पाइप वरून सरकवली. डावा ब्लीडर सुटला. उजवा तुटायच्या बेतात होता, भाऊने नट गरम करून हळूहळू सोडवला, त्याला एक अख्खी दुपार गेली. पुढच्या चारही पाइप ब्रशने घासून बघितल्या, नुसता वरवरचा रंग उडालेला, त्या ठेवल्या.

पाइप २ नग ४,३००
होज २ नग २,२४०
ब्रेक ऑइल, झाकणावर लिहिलेलं डॉट ४, एक लिटर ६२०
भाऊचं लेबर ४,५००
स्कॅनर लावून एबीएसची (चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेची) हवा काढणे, दुसऱ्या गॅरेजमध्ये ८००
एकूण १२,४६०.

पेडल आता वर आणि टणक. पहिले दोन दिवस रोज सकाळी पाइपच्या प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून बघितला, कोरडा. जुनी पाइप बाबांनी फेकू दिली नाही, पडवीत टांगून ठेवलीय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. मासळीला झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणलाय.

आता नवीन प्रश्न. टाकी खाली घेतल्यावर ब्रेक पाइपच्या शेजारून जाणाऱ्या डिझेलच्या दोन पाइप दिसल्या. क्लिपेत त्याही फुगल्यात, अजून ओल्या नाहीत. भाऊ म्हणतो, डिझेलच्या पाइपला तसला दाब नसतो, तिथे रबरी नळीचा तुकडा घालून क्लॅम्प मारला तरी चालेल. हे बरोबर आहे का? चिंचवडकर, आहात का?

चिंचवडकर

आहे. कॉमन रेल डिझेल आहे ना, म्हणजे पंपाच्या पुढे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना जोरात डिझेल देणारं? मग टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या लाइनला दाब कमीच असतो, भाऊ बरोबर. फक्त नळी डिझेलला चालणारीच घ्यायची, वर छापलेलं असतं. पाण्याची रबरी नळी डिझेलने फुगते. आणि दोन्ही टोकांना फिरकीचे क्लॅम्प, तार गुंडाळलेली नको. क्लिपा मात्र सगळ्या काढून माती धुवा. गोड्या पाण्याने.