विषय: भाच्याला ओसीडी, अमळनेरच्या आसपास लवकर मदत कुठे मिळेल?

सर्वांना नमस्कार,

नाव लिहीत नाही. या यादीवर आमच्या गल्लीतलेही लोक आहेत आणि पोराचा विषय आहे.

भाचा पंधरा वर्षांचा, अमळनेरला असतो, यंदा दहावी. दिवाळीपासून हात धुणं खूपच वाढलंय. ओसीडी वाटतोय, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी तेच तेच करत राहणं. आमच्याकडे नळ रोज येत नाही. भरून ठेवलेला ड्रम तो एकटा संपवतो. वहिनीने पाणी आवरायला सांगितलं की रडारड होते, मग तीच तांब्या भरून देते. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्यात. भाकरी चमच्याने खातो. लिहिताना एकच ओळ खोडून खोडून पुन्हा लिहितो, त्यामुळे सहामाहीला गणिताचा निम्मा पेपर कोराच राहिला.

माझ्या आईला वाटतं बाहेरचं काहीतरी आहे, तिने भगताकडे नेऊन आणलं. दादा म्हणतो बोर्डाची परीक्षा होऊन जाऊ दे, मग बघू. गावातल्या एका डॉक्टरांनी टेन्शन आहे म्हणून झोपेची गोळी दिली. पुण्यात एका ठिकाणी फोन केला, तर थेट फेब्रुवारीची तारीख मिळाली. काल वहिनी फोनवर म्हणाली, "ताई, आते काय करो?" कुणाला काही माहीत असेल तर कृपया सांगा.

– अमळनेरची एक आत्या

---

ताई,

मी मूळची चोपड्याची. मानसोपचार करते, माझ्याकडे येणाऱ्यांत ओसीडीची मुलं बरीच असतात. तुमच्या भाच्याला मी तपासलेलं नाही, त्यामुळे निदान तिथले डॉक्टरच करतील. पण तुम्ही लिहिलंय ते वाचून एक गोष्ट ठामपणे सांगते: परीक्षेपर्यंत थांबू नका. दादांना साधा हिशोब सांगा. ओसीडीवरच्या औषधांचा पुरता परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. आता डिसेंबर चालू आहे. आज सुरुवात केली तर पेपरांपर्यंत काही फरक पडू शकतो. मार्चनंतर सुरुवात केली तर ओळी खोडण्यातच त्याचे सगळे पेपर जातील.

पुण्याची तारीख राहू द्या, सोडू नका. पण तोवर धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागाच्या ओपीडीत न्या. सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला आहेत, खानदेशात एकही नाही, म्हणून लोकांना वाटतं आपल्याकडे सोयच नाही. ओसीडीच्या बहुतेक मुलांना भरती करावं लागतच नाही. मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि तो तासाभराच्या अंतरावर आहे.

जाण्याआधी वहिनीने टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावावा, नंबर १४४१६. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. जिल्ह्यात कुठे जायचं तेही विचारता येईल.

औषधांबद्दल: मुलांमध्ये साधारणपणे फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन किंवा फ्लुवोक्सामिन वापरतात. झोपेच्या गोळीने ओसीडी हटत नाही. नवं औषध सुरू झालं की पहिले काही आठवडे घरच्यांनी त्याच्या मनःस्थितीवर नीट लक्ष ठेवायचं. चिडचिड, बेचैनी किंवा मरणाची भाषा दिसली तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

औषधाइतकीच महत्त्वाची ईआरपी नावाची उपचारपद्धत. अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ११२ मुलांवर एक अभ्यास झाला होता, तो २००४ साली छापून आला. त्यात ही थेरपी आणि सर्ट्रालिन दोन्ही मिळालेल्या मुलांना सगळ्यात जास्त गुण आला. ईआरपीत मूल भीतीला पायरीपायरीने सामोरं जातं. समजा, त्याने ड्रमच्या तोटीला हात लावायचा आणि पाच मिनिटं धुवायचा नाही. जीव घाबरा होतो, पण हळूहळू तो आपोआप खाली बसतो. मग दहा मिनिटं, मग त्याच हाताने भाकरीचा तुकडा मोडायचा. पायऱ्या मुलाच्या संमतीने ठरतात, जबरदस्तीने पाणी बंद करणं म्हणजे ईआरपी नाही. समुपदेशकाला फोनवर सरळ विचारा, "तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का? किती मुलांबरोबर केलंय?" नुसतं "मन दुसरीकडे वळव" सांगणारे असतील तर पुढचा नंबर लावा. ही थेरपी व्हिडिओवरही चांगली होते, म्हणून पुण्या-मुंबईचे, मराठी बोलणारे थेरपिस्टही धरा.

आईंशी वाद घालू नका. वणीला जाऊन नवस बोलायचा असेल तर बोलू द्या, कानबाईला साकडं घालू द्या. फक्त भगताने गोळी बंद करायला सांगितली तर ऐकायचं नाही, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

– चोपड्याची

---

ताई, वरच्या ताईंनी सगळं लिहिलंच आहे, ओपीडीपुरतं माझं. माझ्या मुलीला भुसावळहून नेलं तेव्हाचा अनुभव सांगतो. सकाळी लवकर पोचा, केसपेपर काढायला रांग असते. घरून कागदावर लिहून न्या: कधीपासून, दिवसाचे किती तास जातात, कुठल्या गोष्टी टाळतो, घरातले त्याच्यासाठी काय काय करतात. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, त्या कागदाने खूप काम होतं. आधीच्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. आणि मुलाला डॉक्टरांशी थोडं एकट्याने बोलू द्या.

मुलगी आज कॉलेजात आहे, हॉस्टेलवर राहते.

– भुसावळकर

---

ताई, दादा, खूप आधार वाटला. दादा तयार झालाय, बुधवारी धुळ्याला जाताहेत.

एक विचारायचं राहिलं. तो मला रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो, "आत्या, माझ्या हातातून आजीच्या पाण्यात काही पडलं नसेल ना? आजीला काही होणार नाही ना?" मी "नाही रे राजा" लिहिते. दहा मिनिटांत पुन्हा तेच. घरी कुणाला हे माहीत नाही. उत्तर देत राहू का?

– आत्या

---

ताई,

म्हणजे पोरगं आजीच्या जिवासाठी हात धुतंय. आजीला कळलं तर भगताचा विषय कदाचित तिथेच संपेल, पण ते सांगायचं की नाही हे त्याला ठरवू द्या.

तुमच्या "नाही रे"ने त्याला पाच-दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग शंका आणखी जोराने येते. तरी आज रात्रीपासून एकदम गप्प बसू नका, त्याला वाटेल आत्याही तुटली. दिवसा, तो शांत असताना बोला: "हा प्रश्न ओसीडी विचारायला लावतोय असं मला वाटतं. त्याचं उत्तर मी हळूहळू कमी करत जाणार. पण तू घाबरलास की तुझ्याशी बोलायला मी आहे." किती कमी करायचं हे थेरपिस्ट भेटल्यावर तिघांनी मिळून ठरवा. आणि मरणाचं काही बोललाच तर बुधवारची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला सांगा.

हे मेसेज त्याला विचारून दादांच्या फोनवर पाठवा. अनोळखी डॉक्टरांसमोर तो हे आपणहून सांगेलच असं नाही, आणि त्यांना सगळ्यात आधी हेच कळायला हवं.

– चोपड्याची