पावसाळ्यातली 'ती' खाज: घरचे उपाय केलेत का कोणी?

वलणीवरची_ओढणी
चार दिवस झाले, वलणीवरचे कपडे अजून दमट. आज एक परकर नाकाला लावला आणि त्या कुबट वासासरशी 1998 चा जुलै आठवला. देवगडच्या बाजूचं गाव, मी अकरावीत. एसटीपर्यंत भिजत जायचं आणि ओल्या कपड्यांत दिवस काढायचा. त्यात टायफॉइडची अँटिबायोटिक्स नुकती संपलेली. मग सुरू झालं. फाटलेल्या दुधासारखं पांढरं अंगावरून जायचं, खाज, आणि लघवीला गेलं की डोळ्यांत पाणी. आईला सांगायची लाज. आजीने मात्र चालण्यावरून ओळखलं, विचारलं काहीच नाही. त्रिफळ्याचा काढा गाळून, निववून धुवायला दिला, साबण लपवला, आणि माझ्या चड्ड्या निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून सुकवल्या. बाळाच्या लंगोटांसारख्या! आग कमी झाली. काढ्याने की सुक्या चड्डीने, देव जाणे. पूर्ण गेलं ते डॉक्टरीणबाईंनी आत ठेवायच्या गोळ्या दिल्यावर, 6 रात्री. तुमचं सांगा, लाजू नका.

भिरंडेल
लसूण. पाकळी सोलून, दोऱ्यात बांधून... पुढचं समजून घ्या. रात्री दोन वाजता न्हाणीत तांब्यावर तांब्या ओतत होते. बाहेरून नवरा विचारतो, विंचू चावला काय गे? म्हटलं, होय. तो बॅटरी घेऊन विंचू शोधायला लागला.

आठळी
चहा सांडला माझा. मिळाला का विंचू?

भिरंडेल
मिळाला ना! मोरीच्या दगडाखाली. म्हणून तर आजवर निभावलंय.

लावणीवाला
पुरुषांनी लिहिलेलं चालतं का इथे? लावणीत पायाच्या बोटांत चिखल्या होतात, त्याला मेंदी नाहीतर उंडीचं तेल लावतो. पण जांघेत नायटा झाला तेव्हा लाजून दुकानातून ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गायब, वाटलं जिंकलो. महिन्याभरात पोटापर्यंत. डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मलाच वाचायला लावली. स्टेरॉइड होतं त्यात.

आठळी
दादा, तुमच्या नायट्याची बुरशी वेगळी, आमची योनीतली, कॅन्डिडा नावाची. पण बसा, चालतंय. उंडीचं तेल मिळेल का हो?

लावणीवाला
बिया गोळा करून घाण्यावर देतो. पूर्वी दिव्यातपण जाळायचे. पोटात घ्यायचं नाही हां, आणि तुमच्या त्या जागी तर नकोच.

दोन_पोरांची_आई
माझं दही. इथेच कुठेतरी वाचलेलं. दोन मिनिटं गार वाटलं, मग चिकचिक. नंतर कळलं, पोरांनी त्या वाटीत साखर घातली होती. बुरशीला मेजवानीच दिली मी.

आठळी
देवा रे

माहेरवाशीण
माझा अनुभव बाळाचा आहे, चालेल ना. दीड महिन्याचं असताना जिभेवर हीच बुरशी, पांढरी, दूध ओढताना रडायचं. सासूबाईंनी टाकणखार मधात कालवून बोट फिरवलं, त्यांच्या चार मुलांना तेच केलेलं. डॉक्टर भडकले. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, आणि टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो बाळाच्या पोटात जातो. बाळाला थेंब दिले आणि मला छातीवर लावायला मलम, कारण दोघांचा एकदम इलाज केला नाही तर ते इकडून तिकडे फिरत राहतं म्हणे. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. डॉक्टरांशी नव्हे, माझ्याशी.

भिरंडेल
साहजिक आहे

उपकेंद्रातली
पेशंट थांबलेत, पटकन लिहिते. तिथला सामू (pH) 3.8 ते 4.5, म्हणजे आंबटच असतो. साबण, जंतुनाशक, लिंबू काही आत घालू नका. घट्ट पांढरं, खाज खूप, वास नाही, तर बहुतेक बुरशी. पातळ राखाडी आणि माशासारखा वास असेल तर ते जिवाणूंचं, त्याची गोळी निराळी. गरोदर असाल, ताप असेल, ओटीपोटात दुखत असेल तर काढे करत बसू नका, दाखवा. परत परत होत असेल तर साखर तपासा.

आठळी
माशाचा वास? आमच्या माळ्यावर सुके बांगडे आहेत, अख्ख्या घरालाच येतो.

चाकरमानी_कन्या
साखरेवरून. आई सावंतवाडीला, मधुमेह आहे. तीन महिने सारखी खाज. कडुनिंब झाला, त्रिफळा झाला, खोबरेल झालं. खोबरेलाने तेवढ्यापुरता आराम. गणपतीला गेले तेव्हा औषधांचा डबा बघितला, डॅपाग्लिफ्लोझिन नवीन सुरू केलेली. ती गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते, म्हणजे त्या जागी बुरशीला खाऊ तयार! डॉक्टरांनी बदलून दिली. ती तीन महिने बोलली नाही कारण फोन स्पीकरवर असतो आणि बाबा शेजारी बसलेले असतात.

वलणीवरची_ओढणी
स्पीकर बंद करायला शिकव तिला आधी.

लावणीवाला
नायट्यावर टाकळ्याचं बी ताकात वाटून लावायची आमची आजी. झोंबायचं. सध्या बांधावर टाकळा माजलाय नुसता.

दोन_पोरांची_आई
टाकळ्याच्या भाजीत आठळ्या घालता का तुम्ही?

आठळी
मला विचारताय का 😄 घालायच्याच, पण ठेचून. वर ओलं खोबरं.

वलणीवरची_ओढणी
सगळ्यांना निवांत उत्तरं लिहिते. ऊन पडलंय, पळते, कपडे खळ्यात घालून येते.

वलणीवरची_ओढणी
गेलं ऊन. टोपली शोधतेय.