पाचगणीत तीन महिन्यांचे काम: मुक्काम पाचगणीत करावा की वाईत?

मी सांगलीत परिचारिका आहे. जून ते ऑगस्ट अशा तीन महिन्यांच्या कराराने मला पाचगणीच्या एका रुग्णालयात काम मिळत असून राहण्याची सोय मात्र स्वतःच करायची आहे. पाचगणीत खोली घ्यावी की वाईत राहून रोज ये-जा करावी?

उत्तर १
ताई, वाईचा बाजार मोठा आहे, कृष्णेचा घाट मनाला फार शांतता देतो, आणि माझे स्वतःचे मन तिथेच रमते. तरीही रात्रपाळी असेल तर वाईचा विचार सोडून द्यावा, कारण पावसाळ्यात पसरणी घाटात धुके इतके दाट उतरते की पुढचे वळणही दिसत नाही. पाचगणीतच राहा. पर्यटकांचा हंगाम सरलेला असल्याने घरमालक महिन्याच्या बोलीवर भाडे कमी करतात, फक्त भिंतींना ओल येते का हे आधी स्वतः पाहून घ्या.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे. महाबळेश्वर अवघ्या 19 किलोमीटरवर असले तरी पाचगणी पूर्वेकडे असल्याने तिथला पाऊस बराच कमी असतो, त्यामुळे घाबरू नका. कपडे मात्र दिवसेंदिवस वाळत नाहीत. घरभाड्याचा भत्ता आणि साप्ताहिक सुट्टी करारात लेखी घ्या.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. पाळ्यांचे वेळापत्रक आजच विचारते आणि रविवारी खोली पाहायला जाते.