'खरारा' वस्तू की क्रिया? आणि डँडी ब्रशला मराठीत काय म्हणावं?

दिठी
घोड्याची निगा या विषयावरची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. सध्या अडकले आहे ब्रश निवडण्याच्या प्रकरणात. करीकोमसाठी, म्हणजे घोड्याच्या साफसफाईच्या दातेरी साधनासाठी, मी 'खरारा' लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्यांचा शेरा आला, "खरारा ही क्रिया आहे. घोड्याला खरारा करतात, वस्तूला खरारा म्हणत नाहीत." मी तर 'तो खरारा दे इकडे' असंच ऐकत आले आहे.

दुसरी अडचण जास्त मोठी. 'डँडी ब्रश'चं त्यांनी 'दांडीचा ब्रश' करून टाकलं. बहुतेक डँडी ब्रशांना दांडी नसतेच, लाकडी पाठ मुठीत धरायची असते. डँडी म्हणजे लांब, ताठ केसांचा, वाळलेला चिखल उडवणारा. बॉडी ब्रश म्हणजे आखूड, मऊ, दाट केसांचा, कातडीजवळचा कोंडा आणि चिकट मळ काढणारा. वाचणारा नवखा असेल तर नावावरूनच वस्तू घेणार, म्हणून फरक नावातच कळायला हवा. सुचवा.

मोतद्दार
तुमचंही बरोबर, त्यांचंही. इस्त्री ही वस्तू आहे आणि 'इस्त्री करणे' ही क्रियाही आहे. खराऱ्याचं तसंच.

माझी हरकत वेगळी आहे. खरारा म्हटलं की मला दिसतो तो लोखंडी, दातेरी ओळींचा. तो घोड्याच्या अंगावर फिरवायचा नसतो. एका हातात तो धरायचा, दुसऱ्या हातात बॉडी ब्रश. ब्रशचे चार-पाच हात मारले की ब्रश खराऱ्यावर ओढून त्यातला मळ झाडायचा. अंगावर गोल गोल फिरवायचा तो रबरी, बोथट दातांचा. त्याने खालचा मळ आणि सुटलेले केस वर येतात, मग डँडीने ते झटकायचे. दोन्हींना नुसतं 'खरारा' लिहिलंत तर कुणीतरी लोखंडी दाते बरगड्यांवर घासेल. 'रबरी खरारा' आणि 'लोखंडी खरारा' असं दर वेळी पूर्ण लिहा, जागा खाल्ली तरी चालेल.

अक्षरबन
रबरी वस्तूला खरारा म्हणणं मला पटत नाही. हिंदीत हाच शब्द 'खरहरा' आहे. माझ्या मते मुळात 'खर' आहे, म्हणजे तीक्ष्ण, राठ. खरखरीत, खरवडणे ही सगळी त्याच घरातली. शब्दात खरखर आहे आणि वस्तू बोथट, हे जमत नाही.

मोतद्दार
वस्तू बदलते, शब्द टिकतो. शर्यतीच्या घोड्यांना अॅल्युमिनियमचे नाल ठोकतात, म्हणून कुणी नालाला दुसरं नाव शोधत नाही.

रानवाट
करीकोममधली 'करी' आणि आपलं 'कुरवाळणे' यांचं काही नातं असावं असं मला फार दिवस वाटतं. ध्वनी जवळचे आणि कामही जवळचं.

तळटीप
नातं नाही. ही 'करी' जुन्या फ्रेंचमधल्या 'तयार करणे, नीट लावणे' अशा अर्थाच्या क्रियापदावरून आली. कातडं कमावण्याच्या धंद्यातही इंग्रजीत तेच क्रियापद चालतं. जेवणातली करी वेगळी, ती द्रविड भाषांतून गेलेली.

याच क्रियापदाची एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. इंग्रजीत 'करी फेवर' म्हणजे मर्जी संपादण्यासाठी पुढे पुढे करणे. मूळ प्रयोग 'करी फेवेल', म्हणजे फेवेलला खरारा करणे. 14व्या शतकाच्या सुरुवातीच्या एका फ्रेंच काव्यात फोव्हेल (इंग्रजीत फेवेल) नावाचा घोडा मालकाच्या घरात जाऊन बसतो आणि भलेभले मानकरी त्याला खरारा करायला धावतात. पुढे फेवेल कोण ते लोक विसरले आणि त्या जागी 'फेवर' आलं. आपल्या 'लांगूलचालना'त कुत्र्याचं शेपूट हलतं, त्यांच्याकडे घोड्याचा खरारा.

रानवाट
पटलं. तरीही कुरवाळणे हा शब्द या कामाला मला हवासा वाटतो. तोंडावरचा मऊ ब्रश फिरवताना आपण दुसरं काय करतो?

अक्षरबन
मूळ प्रश्नाकडे येतो. 'ब्रश' शब्दच कशाला? 'कुंचा' आहे ना. डँडीला 'राठ कुंचा', बॉडी ब्रशला 'मऊ कुंचा'. 'घोड्याला ब्रश केला' हे मराठीत वाचलं की मला दात घासल्याचं दिसतं.

दिठी
कुंचा म्हटलं की भिंतीला चुना लावायचा, बुडवून ओढायचा तो डोळ्यांपुढे येतो. आमच्या ब्रशची पाठ सपाट असते, केस झुपक्याझुपक्यांनी बसवलेले असतात आणि वर हात अडकवायचा पट्टा असतो. वाचणाऱ्याला चित्रच चुकीचं मिळेल.

अक्षरबन
चित्र सवयीने बदलतं. लिहिणाऱ्यांनी वापरलाच नाही तर शब्द कुठून रुळणार? दर वेळी 'वाचकाला कळणार नाही' म्हणत आपण एकेक शब्द सोडून देतो. खरारासुद्धा आज किती जणांना कळतो? तो ठेवायचा आणि कुंचा टाकायचा, यामागचं तत्त्व मला कळलेलं नाही.

पानवठा
तत्त्व सोपं आहे. खरारा हा त्या कामाचाच शब्द आहे, घोड्यांत वावरणारे तो वापरतात. कुंचा दुसऱ्या कामाचा आहे आणि आपण तो इथे ओढून आणतो आहोत. 'राठ ब्रश' आणि 'मऊ ब्रश' लिहा, काम झालं.

मोतद्दार
पानवठा, पूर्ण झालं नाही. राठपणातही प्रकार आहेत. डँडीचे केस कधी प्लास्टिकचे असतात, कधी वनस्पतीच्या तंतूंचे. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या केसांनी घासलं की वीज साठते, केस उभे राहतात आणि घोडा दचकतो. पातळ कातडीच्या किंवा केस कापलेल्या घोड्याला राठ ब्रश सोसत नाही. तो शेपूट आपटतो, कान मागे पाडतो, कातडी थरथरवतो. तेव्हा ब्रश बदलायचा, घोड्याला दटावायचं नाही. तोंड, पोटाखालचा भाग आणि मांड्यांची आतली बाजू इथे राठ ब्रश कधीच नको. गुडघ्याखाली कातडीच्या लगेच खाली हाड असतं, तिथे खराराही नको. नावात 'राठ' आलं की वाचणारा निदान विचारेल, कुणासाठी राठ? म्हणून ते विशेषण मला हवं आहे.

तळटीप
याला फार जुना आधार आहे. इ. स. पू. 4थ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने घोडेस्वारीवर लिहिलं, त्यात त्याने बजावलं आहे की घोड्याचं डोकं पाण्याने धुवावं, कारण ते हाडाळ आहे आणि लोखंडी किंवा लाकडी साधनाने घासलं तर घोड्याला दुखेल. कण्यावरच्या केसांना तर साधन लावूच नये, ते उगवतात त्या दिशेने नुसत्या हाताने सारखे करावेत.

दिठी
हे पुस्तिकेत नक्की घालणार.

तंतूंवरून आठवलं. मूळ मजकुरात 'राइस रूट'चा ब्रश आहे. मी 'भाताच्या मुळांचा' लिहिलंय. बरोबर आहे का?

तळटीप
नाही, ते बदला. नावात तांदूळ असला तरी त्याचा भाताशी संबंध नाही. मेक्सिकोतल्या एका डोंगरी गवताची ती मुळं, तिकडे त्याला 'साकातोन' म्हणतात. 'गवताच्या मुळांचा ब्रश' लिहा, ते खरंही आहे आणि कळतंही.

पानवठा
हूफ पिकला काय केलंत?

दिठी
'खूर साफ करायचा आकडा' असं लांबलचक लिहिलंय.

रानवाट
'खूरकोरणं' का नको? कानकोरणं आहे, दातकोरणं आहे.

मोतद्दार
वा! इतका सरळ शब्द कसा सुचला नव्हता. फक्त पुढे एक ओळ घाला, टाचेकडून पुढच्या टोकाकडे कोरायचं आणि मधल्या मऊ त्रिकोणी भागाला टोक लागू द्यायचं नाही.

अक्षरबन
खूरकोरणं मलाही मान्य. बघा, शोधला की मराठी शब्द मिळतो. त्याच न्यायाने घामाचं पाणी काढायच्या पट्टीला 'निपटणी' म्हणा. पाणी निपटणे हा आपला जिवंत प्रयोग आहे.

पानवठा
निपटणी ऐकून मला वादच निपटल्यासारखा वाटतो. 'घामपट्टी' बरी.

अक्षरबन
घामपट्टी म्हणजे कपाळाला बांधतात ती. अर्थच उलटा, ती घाम अडवते. इथे पाणी ओढून काढायचं आहे.

रानवाट
तळटीप, तुमच्या त्या फोव्हेलचा रंग कोणता? मराठीत घोड्यांच्या रंगांना इतके शब्द आहेत, त्यातला कुठला बसेल?

तळटीप
फ्रेंच शब्द पिवळसर तांबूस रंगाचा आहे. मी 'समंद' म्हणेन.

मोतद्दार
समंदाची आयाळ आणि शेपूट काळं हवं. पिवळसर तांबूस अंगाला आयाळही तशीच असेल तर तो सुरंगाकडे झुकतो.

तळटीप
सुरंगात लाली जास्त. फोव्हेलमध्ये ती नाही. हरणाच्या अंगाचा जो रंग, तो.

मोतद्दार
हरणाचं म्हणाल तर ऋतूप्रमाणे घोड्याचाही रंग बदलतो. हिवाळी केस गळून नवे आले की तोच घोडा वेगळा दिसतो. रंग ठरवायचा तर खरारा करून, जुने केस निघाल्यावर पाहायचा.

दिठी
रंगांचा धागा वेगळा काढाल का? मला अजून डँडी आणि बॉडी ब्रशचं ठरवायचं आहे. सध्या 'राठ ब्रश' आणि 'अंगाचा मऊ ब्रश' असं घातलंय. आयाळ-शेपटाच्या ब्रशचंही राहिलंय. शिवाय शेपूट लिहू की शेपटी?

अक्षरबन
घोड्याचं शेपूट. शेपटी मांजराची.

रानवाट
आमच्याकडे घोड्याचीही शेपटीच म्हणतात.

मोतद्दार
काहीही लिहा, पण आधी बोटांनी गुंता सोडवायला सांगा, मग खालच्या टोकापासून वर वर ब्रश करायला, आणि मागे नव्हे तर बाजूला उभं राहून. शेपटाचा केस तुटला की पुन्हा तेवढा वाढायला फार काळ लागतो. आणि शेपटीच म्हणायचं असेल तर 'शेपटीचा केस' लिहा, मधेच 'शेपटाचा' नको.

अक्षरबन
मुळात शेपूटच बरोबर आहे, म्हणून 'शेपटाचा'.