‘भपकेबाज’ ही शिवी की शाबासकी?

रातांबा: एका दिवाळी अंकासाठी लिबराची (1919–1987) या अमेरिकन पियानोवादकावरचा लेख मराठीत करतेय. पियानोवर पेटत्या मेणबत्त्या, बोटांत ढीगभर अंगठ्या, जमिनीवर लोळणारे फरचे झगे, असा माणूस. त्याच्यासाठी मूळ लेखात सारखं ‘फ्लॅम्बॉयंट’ येतं. मी ‘भपकेबाज’ केलं. संपादकांनी लाल रेघ मारून परत पाठवलं, “ही निंदा झाली, लेखकाला तर माणूस आवडलाय.” पण आमच्या मालवणात दशावतारातला राजा बाकड्यावर येऊन बसला की आजी म्हणायची, “काय तो भपको!” आणि तेव्हा ती भलतीच खूश असायची.

खाडीकाठ: ताई, आजी मालवणची म्हणून. आमच्या दापोलीकडे भपका म्हणजे निंदाच. लग्नात मांडव मोठा आणि पंगतीत भात कमी, की “नुसता भपका!” ‘दिमाखदार’ करा.

स्वभाषा: दिमाख अरबी आहे, मूळ अर्थ मेंदू. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत होते, तिथूनच त्यांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला, आणि आपण कोकणातलेच लोक असे शब्द सुचवतो! ‘प्रदर्शनकुशल’ हा शब्द घ्यावा.

काळी पाच: प्रदर्शनकुशल म्हणजे हापूसच्या स्टॉलवर पेट्या रचणारा. आणि पियानोचं काय करणार? इटालियनमध्ये पियानो म्हणजे ‘हळू’. पूर्ण नाव पियानोफोर्ते, हळू-जोरात. त्यातलं ‘जोरात’ जगाने गाळलं, ते या लिबराचीने परत आणलं म्हणायचं.

मी पेटी वाजवतो, म्हणून सांगतो. आमच्याकडच्या एका डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवांनी गजर चढत असताना खांद्यावरचं उपरणं काढून पट्ट्यांवर पसरलं आणि त्यावरून वाजवायला लागले. डावा हात भात्यावर, नजर माझ्यावर. तिसऱ्या आवर्तनाला एक सूर चुकला, मला स्पष्ट ऐकू आला. पण मांडव उठून उभा राहिलेला, चुकलेला सूर ऐकायला होतं कोण! बारी ते घेऊन गेले. त्या रात्री मी त्यांना जे म्हणालो तो शब्द इथे लिहीत नाही. भपकेबाज त्यापेक्षा सौम्य होता.

सुरंगी: माझा एक आवडता तर्क. नमनाच्या खेळात राक्षस यायचा तेव्हा मशालीवर राळेची भुकटी फेकत, भप्पकन जाळ उठे. भपका तिथलाच. ‘आरोपांची राळ’ही तिथलीच. म्हणजे शब्द मुळात रंगभूमीचा, निंदा नंतर चिकटली.

खाडीकाठ: मग तोंडाला येणारा दारूचा भपका कुठल्या रंगभूमीचा? ध्वनीवरून आलेले शब्द कुणाच्या मालकीचे नसतात.

रातांबा: थोडं मूळ मुद्द्यावर येऊ या का? हा माणूस चायकोव्हस्कीचा पियानो कन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची लांबलचक रचना, चारेक मिनिटांत उरकायचा, कंटाळवाणे भाग गाळून, आणि हे तोच अभिमानाने सांगायचा. समीक्षक चिडायचे ते यावर. पण 1952 मध्ये ‘हॉलिवूड बोल’ या खुल्या प्रेक्षागृहात त्याने पांढरा कोट घातला तो वाद्यवृंदाच्या काळ्या कोटांत लांबच्या प्रेक्षकाला दिसावा म्हणून. हौस होती तशी अक्कलही होती. दोन्ही सांगणारा शब्द हवाय.

आणि विशेषण जपून वापरायचं आणखी एक कारण. 1956 मध्ये ब्रिटनच्या ‘डेली मिरर’ या दैनिकाच्या स्तंभलेखकाने त्याच्यावर विशेषणांची माळ लावली. त्यात एक ‘फळाच्या चवीचा’ अशा अर्थाचं होतं. ‘फळ’ हा इंग्रजी बोलीत समलिंगी पुरुषासाठीचा हिणकस शब्द. 1959 मध्ये लंडनच्या कोर्टात त्या शब्दाचा अर्थ काय यावर खल झाला आणि लिबराचीला बदनामीची भरपाई म्हणून 8,000 पौंड मिळाले.

सुरंगी: म्हणजे शब्दचर्चेचे पैसे मिळतात! आपण इथे फुकट करतोय.

काळी पाच: पांढऱ्या कोटाचं पटलं. पेट्रोमॅक्सच्या उजेडात शेवटच्या गोणपाटावर बसलेल्याला दिसावा म्हणूनच आमचा राजा तोंडाला एवढा रंग फासायचा. आता एलईडी आणि धुराचं मशीन आलं तरी रंग तेवढाच.

खाडीकाठ: ते धुराचं मशीन बंद करा आधी. मागच्या जत्रेत विष्णू प्रकटला तेव्हा पहिल्या तीन रांगा खोकत होत्या.

स्वभाषा: आणि बोर्डावर काय लिहितात ते पाहिलंत का? ‘ट्रिकसीनयुक्त दशावतार’, म्हणजे चमत्काराची दृश्यं असलेला! ‘युक्त’ संस्कृत आणि पुढे हे असलं डोकं!

सुरंगी: ट्रिकसीन लिहिलं नाही तर आमच्या वाडीतून जीप भरत नाही, काका.

रातांबा: अहो, माझं विशेषण राहिलं. शुक्रवारी अंक छापायला जातोय.

काळी पाच: ‘ट्रिकसीनयुक्त पियानोवादक’ करा. सिंधुदुर्गात एकालाही अर्थ विचारावा लागणार नाही.

स्वभाषा: निषेध.

खाडीकाठ: त्यातला ‘सी’ ऱ्हस्व की दीर्घ? कणकवलीच्या बोर्डावर मी दोन्ही पाहिलेत.