चाळिशीनंतर शोदान (कराटेचा पहिला ब्लॅक बेल्ट): सर म्हणतात कुमिते (समोरच्याशी लढत) माफ करतो, घेऊ का नको?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, इथे कराटे करणारं कोणी आहे का माहीत नाही, तरी विचारून बघते. मी नाशिकची, बँकेत नोकरी, चाळिशी कधीच ओलांडली. मुलाला क्लासला सोडायला जायचे आणि बाहेर कट्ट्यावर मोबाइल बघत बसायचे, एक दिवस सर म्हणाले ताई बसून काय राहता, या की आत. मुलाने दहावीच्या नावाखाली क्लास सोडला, मी मात्र जातेच आहे. शोतोकान, कराटेची एक शैली. मार्च एंडिंगला दरवर्षी बुडतं ते सोडलं तर नियमित आहे, आता ब्राऊन, फर्स्ट क्यू, म्हणजे ब्लॅकच्या आधीची शेवटची पायरी. दिवाळीनंतर शोदानची परीक्षा आहे, परीक्षक बाहेरून येणार.

तर प्रश्न असा की सर परवा म्हणाले, "ताई, तुमच्या वयाकडे बघून मी परीक्षकांशी बोलतो, तुमचं कुमिते माफ करून टाकू, काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) चांगला करा, पट्टा मिळेल." त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं यात शंका नाही, पण मला रात्रभर ते खटकत राहिलं. एकीकडे उजवा गुडघा कुरकुरतो, आणि फ्री कुमितेला (आधी काही न ठरवता लढायचं ते) समोर बारावीतली पोरं येतात, ती उडतात हो अक्षरशः. दुसरीकडे असं वाटतं की मग तो ब्लॅक बेल्ट नक्की कशाचा? घरी विचारलं तर नवरा म्हणतो मिळतोय तर घे, कोण विचारणार आहे. तुम्ही काय केलं असतं? आणि गुडघ्याचं काय करू तेही कोणी सांगितलं तर बरं.

उलटा_पंजा
ठाण्याहून. सानदान (ब्लॅक बेल्टची तिसरी पायरी) आहे, शिकवतो पण. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पूर्ण माफी घेऊ नका.

शोदानला साधारण सगळीकडे तीन गोष्टी बघतात, किहोन (मूळ तंत्रं), काता, कुमिते. यातली एक काढून टाकली तर इतर दोन्हींची तपासणी अर्धवट राहते, कारण तुमचा ग्याकु-झुकी (मागच्या हाताचा ठोसा) हवेत कितीही सुंदर असला तरी समोरचा माणूस सरकायला लागल्यावर तो पोचतो का हे फक्त कुमितेत कळतं. अंतर आणि वेळ, मोठ्या वयात शिकणाऱ्याचं गाडं इथेच अडतं, ताकदीत नाही. पण माफ करणं वेगळं आणि बदलून घेणं वेगळं. सरांना सांगा की फ्री कुमितेऐवजी मला जियु इप्पोन पूर्ण द्या. म्हणजे समोरचा आधी पुकारणार, जोदान (डोक्याकडे ठोसा), चुदान (छाती-पोटाकडे ठोसा), किंवा माए-गेरी (पुढची), केकोमी (बाजूची), मावाशी (गोल), उशिरो-गेरी (मागची) यातली किक, आणि एकच हल्ला करणार, पण खरा, पूर्ण वेगाने, तुम्ही हलून अडवायचं आणि उलट मारायचं. दोन्ही बाजूंनी. यात लपायला जागा नसते, आणि वीस सेकंद पोरांच्या मागे धावून दम लागण्याचा प्रश्नही नाही. त्यानंतर एखादी फ्री फाइट हलकी, वयाच्या माणसाशी, कंट्रोलमध्ये. कुठल्याही शहाण्या परीक्षकाला हे पटेल.

आणि हो, बारावीच्या पोराशी फ्री कुमिते लावून "बघा ताईंना जमत नाही" म्हणणं ही शिकवणाऱ्याची चूक आहे, तुमची नाही. मोठ्या माणसाने पोरांसारखं उड्या मारत लढायचंच नसतं, थोडं अंतर राखून उभं राहायचं आणि तो आत येताना त्याला पकडायचं. हे कोणी शिकवलंय का तुम्हाला? नसेल तर दिवाळीपर्यंत फक्त तेवढंच करा.

हाडवैद्यीण
फिजिओथेरपिस्ट आहे, कराटे स्वतः फक्त ऑरेंजपर्यंत केलंय त्यामुळे बेल्टच्या भांडणात पडत नाही 😄

गुडघा कुरकुरतो म्हणजे नुसता आवाज येतो, की दुखतो, की सूज येते, की मधेच अडकतो? नुसता आवाज असेल तर सहसा घाबरण्यासारखं नसतं. सूज येत असेल, अडकत असेल किंवा जिना उतरताना पाय दगा देत असेल तर इथे विचारत बसू नका, ऑर्थोकडे जाऊन दाखवा, गादीवर (मेनिस्कस हो, गुडघ्यातली) परिणाम झालेला असू शकतो.

कराटेवाल्यांच्या गुडघ्याची मी बघितलेली कारणं सांगते. मावाशी-गेरी मारताना खालचा पाय फिरवायचा असतो, टाच समोरच्याकडे वळली पाहिजे. घामाने तळवा लादीला किंवा मॅटला चिकटतो, पाऊल तिथेच राहतं, कंबर फिरते आणि सगळी पीळ गुडघ्यात. दुसरं, झेनकुत्सुमध्ये (पुढचा पाय वाकवून लांब उभं राहतो त्यात) पुढचा गुडघा आत पडतो, तो पावलाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे. किबा-दाचीतही (घोड्यावर बसल्यासारखं उभं राहणं) तेच, खाली बसायच्या नादात गुडघे एकमेकांकडे झुकतात. तिसरं, किक हवेत शेवटपर्यंत झटकून सांधा लॉक करणं. पोरांचं खपून जातं.

आणि आपल्याकडच्या क्लासातला वॉर्मअप! बदकचाल, बेडूकउड्या, वर स्प्लिटला बसवून मागून सर पाठ दाबणार. चाळिशीनंतर बदकचाल बंद म्हणजे बंद, सरांना माझं नाव सांगा. त्याऐवजी घरी खुर्चीवरून हळू उठणं-बसणं, पायरीवर चढ-उतार, कुल्ल्याच्या स्नायूंसाठी ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं), आठवड्यातून दोनतीनदा. मांडीचा पुढचा स्नायू आणि कुल्ला मजबूत झाला की गुडघ्यावरचा बराच भार कमी होतो. दिवाळीला अजून वेळ आहे, फरक पडेल.

खडूस_काका
एवढं मनाला लावून घेण्यासारखं त्या पट्ट्यात आहे काय? क्यू (ब्लॅकच्या आधीच्या पायऱ्या) आणि डान (ब्लॅकच्या पायऱ्या) ही भानगड मूळ कराटेतली नाहीच, ज्युदोतून आली. ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरोंनी १८८३ ला पहिले डान दिले ते ज्युदोत. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी ओकिनावाहून टोकियोला गेले १९२२ ला, आणि १९२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट दिले, सात जणांना. म्हणजे ते टोकियोत येऊनच तेव्हा दोन वर्षं होत होती! आणि हे पिवळे, हिरवे, जांभळे पट्टे तर आणखी नंतरचे, युरोपात ज्युदो शिकवणाऱ्या कावाइशींमुळे १९३० च्या दशकात रुळले. आता आपल्याकडे गल्लीगल्लीत दर तीन महिन्यांनी बेल्ट एक्झाम, दर वेळी फी, दर वेळी फोटो, पहिली-दुसरीतली पोरं ब्लॅक बेल्ट. माफी घ्या नाहीतर नका घेऊ, बाहेर कुणाला कळणार नाही हे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

पण एक चौकशी जरूर करा. सर्टिफिकेट देणार कोण? क्लासचं स्वतःचं छापलेलं, की ज्या संघटनेचं आहे तिच्याकडे तुमची नोंद होणार? जपान कराटे असोसिएशनसारख्या जुन्या संस्थेत डानची नोंद टोकियोच्या मुख्यालयात होते. मोठमोठं "इंटरनॅशनल" लिहिलेलं असतं आणि आतमध्ये दोन जिल्हे, असेही प्रकार बघितलेत. फी भरायच्या आधी विचारायला लाजू नका.

ऱ्हाइनकाठी_पुणेकर
काका, तुमचं बरोबर आहे पण तुम्ही थोडं जास्तच खडूस आहात 😀

मी जर्मनीत आहे, इथल्या क्लबमध्ये शोतोकानच करते, पुण्यात लहानपणी ग्रीनपर्यंत झालं होतं, इथे येऊन पुन्हा पांढऱ्यापासून सुरू केलं. इथे मला जे सगळ्यात वेगळं वाटलं ते हे की पोरांची बॅच संध्याकाळी लवकर संपते आणि मग जे लोक येतात ते सगळे तीस ते सत्तर. पासष्टीचे आजोबा ब्राऊन बेल्टवर आहेत, त्यांना काही घाई नाही. पस्तिशीच्या पुढच्यांसाठी इथे "जुकुरेन" म्हणून वेगळं ट्रेनिंग असतं, उड्या कमी, जोडीने काम जास्त, आणि बुनकाई भरपूर. म्हणजे कातातली प्रत्येक हालचाल कुणीतरी मनगट धरलं, कॉलर धरली, केस धरले तर कशी वापरायची ते. खरं सांगू का, तेक्की शोदान हा काता मला पुण्यात कंटाळवाणा वाटायचा, नुसतं आडवं सरकायचं, आता तो माझा सगळ्यात आवडता आहे कारण समोर अगदी अंगाजवळ माणूस उभा केल्यावर त्यातल्या प्रत्येक हाताला अर्थ लागतो. हे शिकायला वय आडवं येत नाही, उलट मोठी माणसं "हे का?" विचारतात आणि पोरं विचारत नाहीत.

परीक्षेत आमच्या क्लबात एका ताईंना घोट्याचं ऑपरेशन झालं होतं तर परीक्षकांनी सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगितलं की यांना अमुक किक नाही, त्याऐवजी हे करतील. कोणी कुजबुजलं नाही. लपूनछपून माफ केलं की ती मेहरबानी होते, आधीच सांगून बदललं की ती परीक्षाच राहते. उलटा_पंजांनी सांगितलंय तसंच करा ताई.

बाकी वयाचं म्हणाल तर टोकियो ऑलिंपिकला बायकांच्या कातात सुवर्ण घेतलं त्या स्पेनच्या सांद्रा सांचेझ तेव्हा ३९ वर्षांच्या होत्या. आपली काही त्यांच्याशी बरोबरी नाही, पण क्लासात कोणी "आता या वयात" म्हटलं की मी हेच तोंडावर फेकते.

गोदाकाठ
अरे वा, एवढे रिप्लाय येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. हाडवैद्यीण ताई, सूज नाही, अडकत नाही, मावाशी मारल्यावर दुसऱ्या दिवशी दुखतो. आज आरशासमोर बघितलं, माझी टाच खरंच फिरत नाहीये, एवढ्या वर्षात कोणी टोकलं नाही! खडूस काका, सर्टिफिकेटचं विचारलं, सर जरा गोंधळले पण नोंदणी होते म्हणाले, कागद दाखवतो म्हणालेत, बघू. कुमितेचंही बोलले, जियु इप्पोन चालेल म्हणाले, फ्रीसाठी दुसऱ्या ब्रँचच्या एका मॅडम आहेत त्यांना बोलावू म्हणाले.

आता शेवटचं, काता कुठला घेऊ? सर बास्साई दाई म्हणतात कारण तो माझा पाठ आहे, पण मला कांकु दाई जास्त आवडतो.

उलटा_पंजा
वा, झालं की मग काम. कांकु दाई आवडतो हे मान्य, पण शेवटी निदान-गेरीची (उडी मारून लागोपाठ दोन किक) उडी आहे आणि मध्ये एकदम जमिनीपर्यंत बसायचं आहे, या गुडघ्यावर परीक्षेच्या दिवशी, थंडीत, पाच-सहा तास उभं राहिल्यानंतर? नको. हांगेत्सु कात्याकडे तर बघूही नका, त्यात गुडघे आत ओढून धरायचे असतात. जिओन चांगला, उडी नाही, पण शेवटाकडे पाय आपटत पुढे जायचं आहे ते नीट सांभाळायला लागेल. माझं मत बास्साई दाई. सुरुवातीची ती पुढची झेप सोडली तर उडी अशी काही नाही, आणि तुमचं वय, वजन, ठामपणा त्यात दिसतो, पोरांकडून तो काता कधीच वजनदार होत नाही. कांकु परीक्षेनंतर आयुष्यभर आहेच. आणि हेइआन (सुरुवातीला शिकवतात ते काता) पाचही घोटून ठेवा, परीक्षक हमखास मधलाच एखादा मागतात आणि लोक हेइआन योंदानला (चौथ्याला) अडखळतात. गोदानची (पाचव्याची) उडी छोटी घेतली तरी चालते, उतरताना दोन्ही गुडघे वाकलेले ठेवा.

खडूस_काका
कागद बघितल्याशिवाय फी भरू नका. एवढंच.

साधा_सरळ_विनू
धागा वाचून मलाही खाज सुटली. पनवेल-खारघर भागात फक्त मोठ्यांची बॅच कुठे आहे का? रात्री आठनंतरची हवी, लोकलचं काही खरं नसतं. बदकचाल नसलेली प्राधान्याने.