मदत हवी आहे: अवयवदानाबद्दल मुलींना कसं विचारू?

नमस्कार ताई-दादांनो. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अवयवदानाबद्दल वर्गातल्या मुलींची मतं प्रोजेक्टसाठी गोळा करतेय. दान करायला बहुतेक जणी तयार आहेत, पण 'ब्रेन डेड म्हणता, मग छाती कशी हलतेय?' इथे सगळ्या अडतात. व्हेंटिलेटर, ॲप्निया टेस्ट (व्हेंटिलेटरचा आधार काढून पेशंट स्वतः श्वास घेतो का ते पाहणं), १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं पॅनेल, किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, सगळं सांगून झालं. शंका जात नाही. आयसीयूत असा पेशंट पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझेही हात थांबले होते, त्याचा हात गरम होता.

आयसीयू-ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलेल्या सिस्टर-ब्रदर, नातेवाइकांनी हेच विचारलं तर तुम्ही कोणत्या शब्दांत सांगता? आणि प्रश्नावलीत भीतीबद्दल कसं विचारू, म्हणजे मुली मनातलं लिहितील?